निर्गमातला मांडव चार बैलगाड्यांत मावला कसा?

पेणचा_मांडववाला

नमस्कार मंडळी. मी पेणचा, मंडप-डेकोरेशनवाला. धंदा वडिलांचा, आता मी बघतो. बायबल हा काही माझा प्रांत नाही. पण वसईकडच्या एका फादरनी मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिरासाठी ऑर्डर दिली आहे. म्हणाले, "मोशेच्या वेळचा निवासमंडप उभा करून द्या." (म्हणजे इस्राएली लोक वाळवंटातून जाताना बरोबर नेत ते तंबूचं देऊळ.) मी म्हटलं, फोटो पाठवा. त्यांनी फोटोऐवजी मराठी बायबलातल्या निर्गम या पुस्तकाची पानं झेरॉक्स करून पाठवली. अध्याय २५ ते २७ आणि ३६ ते ३८.

खोटं कशाला बोलू, देवाधर्माचं पुस्तक म्हणून उघडलं आणि आत आमच्या गोडाऊनची यादी निघाली. कनाती किती, बिरडी किती, आकडे किती, खांब किती, मेखा, तणावे. आमचा हिशेबनीस इतकं नीट लिहीत नाही.

मापं अशी. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला. फळ्या ४८. प्रत्येक दहा हात उंच नि दीड हात रुंद, म्हणजे पंधरा फूट बाय सव्वादोन. दोन्ही बाजूंना वीस-वीस, मागे आठ, पुढून उघडं. आतली जागा ४५ बाय १५ फूट. आमच्या भाषेत पंधरा-पंधराचे तीन गाळे, एखाद्या घरगुती साखरपुड्याचा मांडव. भोवती कनातीचं अंगण १५० बाय ७५. अंगणाची कनात साडेसात फूट, म्हणजे बाहेर उभ्या माणसाला आतली वेदी दिसायची नाही, पण मांडवाचा वरचा अर्धा भाग दिसणार. हे मला फार आवडलं. गिऱ्हाइकाला बाहेरून थोडं दिसलं पाहिजे.

कापडाचा हिशेब तर मी तीनदा करून पाहिला. तागाच्या कनाती दहा, प्रत्येकी २८ बाय ४ हात. जोडल्या की ४० बाय २८. मांडव ३० हात लांब, मागे दहा हात खाली सोडायचे, झाले ४०. आडवं बघा: दहा चढ, दहा छत, दहा उतार, म्हणजे ३० हवेत आणि कापड आहे २८. दोन्हीकडे एकेक हात जमिनीपासून वर. भारी कापड धुळीत लोळत नाही! त्यावर बकरीच्या केसांच्या कनाती अकरा, ३० हात लांबीच्या. त्या बरोब्बर जमिनीला टेकतात, आणि जादा अकरावी कनात पुढच्या तोंडावर दुमडायची. पाच-पाच कनातींचे दोन भाग जिथे सोन्याच्या आकड्यांनी जोडले, ती रेघ पुढून २० हातांवर येते, आणि आतला पडदा नेमका त्याच आकड्यांखाली टांगायला सांगितलाय. मागे उरली दहा बाय दहा बाय दहाची खोली. कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, तिथे. ज्याने हे लिहिलं त्याने किंवा त्याच्या आज्याने मांडव बांधलाय, एवढं मी पैजेवर सांगतो.

आता माझी अडचण. फळीची जाडी कुठेच दिलेली नाही! सगळं दिलं आणि जाडी नाही. दोन इंच धरली आणि लाकूड बाभळीचं, तर एक फळी सव्वाशे किलोच्या पुढे. ४८ फळ्या म्हणजे सहा टन. शिवाय खाली रुप्याच्या १०० उथळ्या (फळी-खांबांच्या बैठका), एकेकीचं वजन एक किक्कार. किक्कार म्हणजे ३४ किलोच्या आसपास असं फादर म्हणाले. म्हणजे आणखी ३.४ टन.

आणि बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सरदारांनी दिलेल्या गाड्या मोजून सहा, बैल बारा. सामान वाहणारी लेवी वंशाची कुळं तीन. दोन गाड्या कापडवाल्या गेर्षोनींना, चार गाड्या आठ बैल फळ्या-खांबवाल्या मरारींना. कहाथींना एकही नाही, कारण त्यांनी पवित्र सामान खांद्यावर न्यायचं. माझे आजोबा बैलगाडीने मीठ वाहायचे. एका जोडीला सपाट रस्त्यावर टनभर, फार तर दीड. वाळूत तेवढंही नाही. साडेनऊ टन चार गाड्यांत कसे मावले?

दुसरं, छताला मधे वासा नाही. पंधरा फुटांचा गाळा नुसता कापडावर सोडला तर पोट येणारच. तिसरं, सगळ्यात वर "तहशाची कातडी" लिहिलंय. हा तहश कोण?

गणित_बसेना

गाड्यांचं सोडा हो. त्याच पुस्तकात वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५० लिहिलेत. बायकामुलं धरली की वीस लाखांच्या वर. चाळीस वर्षं वाळवंटात. आषाढीला पंढरपुरात चार दिवस काय हाल होतात पाण्याचे ते बघा आणि मग सिनाईचा विचार करा. हिब्रूतला "एलेफ" म्हणजे हजार तसाच कुळाचा गट किंवा तुकडीही, असं काही अभ्यासक म्हणतात. मूळ आकडा लहान होता, नकलणाऱ्यांनी फुगवला. तुमच्या उथळ्याही त्यातल्याच. जो आकडा मुळात चुकलाय त्यावर टनांचा हिशेब काय करत बसलात?

दिमोनाची_मावशी

पेणच्या भाऊ, तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. माझं माहेर रेवदंड्याचं, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. लग्न होऊन इकडे आले त्याला आता खूप वर्षं झाली. दिमोना हे नेगेवच्या वाळवंटातलं गाव, इथे जिन्यात उभं राहिलं तरी मराठी ऐकू येतं. बाकीचे शहाणे लोक उत्तर देतीलच. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते.

आधी तुमचं लाकूड. निर्गमातली बाभूळ हिब्रूत "शिट्टा", अनेक झाली की "शिट्टीम". आमच्या इथून खाली एलातच्या रस्त्याला लागलं की अरावा खोऱ्यात तीच झाडं. छत्रीसारखी, बुटकी, बुंधा पिळवटलेला. कोकणातला सुतार त्या झाडाकडे बघून तोंड वाकडं करील. पंधरा फूट लांब नि सव्वादोन फूट रुंद एकसंध फळी त्यातून निघायची नाही, देवाने स्वतः रंधा मारला तरी. तुकडे जोडूनच करावी लागणार. म्हणून मला कधीच पटलं नाही की त्या भरीव फळ्या होत्या. पण आमचे जुने गुरू ऐकतात थोडेच! तालमूद या त्यांच्या चर्चांच्या ग्रंथात तर फळी खाली एक हात जाड म्हटलीय. एक म्हणतो वरपर्यंत तेवढीच, दुसरा म्हणतो वर जाताना बोटभर होते.

त्याच रस्त्यावर, एलातच्या अलीकडे तिम्ना म्हणून जागा आहे. राजा-महाराजांच्या आधीपासूनच्या तांब्याच्या खाणी. तिथे पर्यटकांसाठी निवासमंडपाची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी केलीय. आमचं महिला मंडळ गेलं होतं. मी एक गोष्ट नीट बघितली: वारा. दुपारी खोऱ्यातून असा काही वारा सुटतो की डोक्यावरची ओढणी हातात येते. तुम्ही वजनाची तक्रार करताय, पण खाली ३४-३४ किलोच्या उथळ्या नसत्या तर तो मांडव पहिल्याच दिवशी अकाबाच्या आखातात गेला असता. आणि मेखा-तणावे लिहिलेत ना? निवासमंडपाच्या मेखा आणि अंगणाच्या मेखा, दोन्ही वेगळ्या सांगितल्यात.

बकरीच्या केसांच्या कनातीबद्दल. इथल्या बेदुइन भटक्या लोकांचे काळे तंबू त्याच केसांचे असतात. मी आत बसून चहा प्यायलेय. कोरडं असताना विण इतकी सैल की छतातून उजेडाचे ठिपके पडतात, हवा खेळते. पाऊस लागला की केस फुगतात, भोकं बुजतात, पाणी वरून ओघळून जातं. आपल्याकडे धनगर घोंगडीखाली पावसात उभा राहतो ना, तसंच काहीसं. निर्गमात लिहिलंय की हे केस बायकांनी कातले, आणि नुसतं कातलं असं नाही, ज्यांना ते कसब होतं त्यांनी. बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावं राहिली, त्या बायांची एकीचंही नाही. असो.

वाळवंटात लोक जेवत काय होते म्हणाल, तर मान्ना. धण्यासारखा दाणा, जात्यावर दळायचा किंवा उखळात कुटायचा, भांड्यात शिजवायचा, भाकरी करायची. माणशी एक ओमेर, साधारण दोन लिटर. शुक्रवारी दुप्पट, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पडणार नाही. उद्यासाठी लपवून ठेवला तर किडे. सिनाईत झाऊच्या झाडावर एक बारीक कीड गोड थेंब सोडते, ते पहाटे गोळा करतात. १९२७ साली बोडेनहाइमर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिकडे जाऊन ते तपासलं. पण ते फक्त उन्हाळ्याच्या तोंडाला आणि मूठभर. वीस लाख सोडा, दोनशेही जेवायचे नाहीत. आणि लोक तरी काय, मान्ना खाऊन कंटाळले आणि मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण आठवून रडायला लागले. ते गणनाच्या ११ मध्ये आहे. मी इथे पहिल्या वर्षी बांगड्यासाठी तशीच रडले होते.

पूजेचं म्हणाल तर रोज सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक, सोबत तेलात मळलेलं सपीठ. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पण आहे, सपीठ, तेल, धूप. आमच्यात मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेतात. तो त्या अन्नार्पणाची आठवण आहे असं आमच्यातले बरेच मानतात. खरं-खोटं अभ्यासकांनी ठरवावं, ताट मात्र मी दरवेळी भरते.

तहशाचं मला माहीत नाही. आमच्या हाखामांमध्येही, म्हणजे धर्मगुरूंमध्येही, एकमत नाही.

खणतीवरचा_माणूस

दादा, तुमचा पहिला प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि मावशींनी निम्मं उत्तर देऊन टाकलंय.

हिब्रू शब्द "केरेश". मराठीत "फळी" झाला, इंग्रजीतही आधी तसाच. १९०० च्या सुमारास केनेडी नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने मांडलं की ही भरीव फळी नाही, ही चौकट आहे. दोन उभे दांडे, मधे आडव्या पट्ट्या, शिडीसारखं. त्याचा मुद्दा वजनाइतकाच नजरेचा होता. आतल्या तागाच्या कनातीवर करूब (पंखवाले देवदूत) विणलेले आहेत, निळं, जांभळं, किरमिजी. ती कनात फळ्यांच्या बाहेरून टाकली आणि फळ्या भरीव असल्या, तर आतून छताखेरीज काहीच दिसणार नाही. चौकट असली तर प्रत्येक खणातून करूब दिसतात. आज बऱ्याच भाषांतरांत "चौकट"च असते. पण हे सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस भरीव फळीच सांगतो आणि जाडीही देतो, चार बोटं. ती धरली तर तुमचे सहा टन नऊच्या वर जातील.

सुटा होणारा सोनेरी मांडव ही त्या काळी कल्पनाच होती का, असं कुणी विचारलं तर १९२५ सालचा गिझाचा शोध दाखवावा. हेतेफेरेस राणी, खुफूची आई, म्हणजे मोशेच्या कुठल्याही तारखेच्या हजारेक वर्षं आधीची. तिच्या थडग्यात सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या लाकडी मांडवाचे भाग निघाले. खांब, तुळया, कुसं, आणि पडदे ठेवायची पेटी वेगळी. आज इजिप्तमधल्या संग्रहालयात आहे. दादा, तुम्ही बघितला तर जोड कसे केलेत ते बघत दिवस घालवाल. दुसरं, इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची कादेशची लढाई. दुसऱ्या रामसेसने तिची शिल्पं देवळांच्या भिंतींवर खोदून घेतली. छावणी चौकोनी, मधे राजाचा तंबू, दोन भागांचा, आणि आतल्या भागात राजाचं नाव, दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे. गणनाच्या दुसऱ्या अध्यायात मंडप मधे आणि चारी दिशांना तीन-तीन वंश, पूर्वेला यहूदा, दक्षिणेला रऊबेन, पश्चिमेला एफ्राइम, उत्तरेला दान. साम्य दिसतंच.

मावशींनी तिम्नाचं नाव काढलं, पण खरी गंमत प्रतिकृतीत नाही, तिथल्या खडकाखाली आहे. १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्गने तिथे हाथोर देवीचं छोटं मिसरी देऊळ खणलं. मिसरी लोक गेल्यावर ते मिद्यानी लोकांनी वापरलं, मूर्तीचे चेहरे घासून टाकले आणि वर तंबू ताणला. खांबांचे खड्डे सापडले आणि लाल-पिवळं जाडं कापड सापडलं. शिवाय एक तांब्याचा साप, तोंडाला सोन्याचा मुलामा. गणनाच्या २१ मध्ये मोशे पितळेचा साप खांबावर लावतो, आणि मोशेचा सासरा मिद्यानी याजक. यावरून कुणी "मोशेचा मंडप सापडला" म्हणू लागला तर त्याला हात जोडावेत. पण त्या वाळवंटात, इ.स.पू. बाराव्या शतकात, तंबूचं देऊळ असावं एवढं त्या कापडावरून दिसतं.

आता दुसरी बाजू. मंडपाची लांबी-रुंदी ३० बाय १०, शलमोनाच्या मंदिराची ६० बाय २०. बरोबर निम्मी. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासक म्हणतात की हे वर्णन फार नंतरच्या याजकांनी मंदिर डोळ्यापुढे ठेवून मागे नेऊन लिहिलं. निर्गमाच्याच ३३ व्या अध्यायात वेगळा तंबू आहे. मोशे तो छावणीच्या बाहेर, लांब लावतो, एकट्याने, ना सोनं ना उथळ्या, आणि आत तरुण यहोशवा राहतो. मला तो जुना वाटतो. तुमचा ४८ फळ्यांचा मांडव बहुधा त्या साध्या तंबूवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला साज.

छताचं पोट: १८६० च्या दशकात जेम्स फर्ग्युसनने हाच आक्षेप घेतला आणि मधे आढं घालून उतरतं छप्पर काढून दाखवलं. अजिंठा-वेरूळची लेणी मापत फिरलेला तोच फर्ग्युसन. मूळ मजकुरात आढं नाही, पण इमारतीची समज असलेल्या माणसाला ते खटकलंच.

तहश: बिज्जू, डॉल्फिन, तांबड्या समुद्रातला समुद्रगाय नावाचा प्राणी, सगळं म्हणून झालंय. अलीकडे बऱ्याच जणांना वाटतं की हा प्राणीच नव्हे, प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतल्या "दुह्शू"शी नातं असलेला कमावलेल्या रंगीत चामड्याचा शब्द. बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकात त्याचीच पायताणं आहेत.

पेणचा_मांडववाला

सगळ्यांचे आभार. रात्री गोडाऊनमध्ये बसून दोनदा वाचलं.

खणतीवरचे साहेब, चौकट! मी मूर्खासारखा फळी-फळी करत बसलो. आम्हीही प्लायची भिंत उभी करत नाही, फ्रेम करतो नि कापड ताणतो. आणि झालर आतून दिसणारच नसेल तर गिऱ्हाईक तिचे पैसे का देईल? चौकट धरली तर लाकूड दोन टनांवर येतं. उथळ्या धरून साडेपाच. अजून अंगणाचे साठ खांब राहिलेच. चार जोड्यांना तरी जड आहे, पण मरारींचे कामकरी पुरुष ३,२०० होते, तीस ते पन्नास वयाचे, आणि कुणी काय उचलायचं ते नाव घेऊन नेमून द्या असं गणनाच्या चौथ्यात सांगितलंय. सगळं गाड्यांतच घाला असं कुठे म्हटलंय? अवजड ते गाडीत, बाकी खांद्यावर. माझंही तसंच चालतं, फक्त ३,२०० ऐवजी सात पोरं.

गणित_बसेना भाऊ, तुमचं गणित मात्र मी बसवून बघितलं. मोजलेल्या प्रत्येक पुरुषाने चांदी द्यायची, माणशी अर्धा शेकेल (हे तेव्हाचं वजन). ६,०३,५५० चे निम्मे ३,०१,७७५. तीन हजार शेकेलांचा किक्कार. म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. निर्गम ३८ मध्ये नेमका हाच आकडा आहे. १०० किक्कारांच्या १०० उथळ्या आणि १,७७५ शेकेलांच्या खांबांच्या आकड्या. ९६ चौकटींखाली, ४ पडद्याच्या खांबांखाली. माणसं खरीच सहा लाख होती का, मला विचारू नका. पण आकडा नकलताना फुगला असेल तर चांदीही त्याच मापात फुगवावी लागली असती, नि मग उथळ्या उरल्या असत्या. ज्याने लिहिलं त्याने डोकी मोजून पाया घातलाय. प्रत्येक माणसाचा अर्धा-अर्धा शेकेल मांडवाच्या बुडाशी. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी नाही, असंही लिहिलंय. आमच्या गावच्या वर्गणीत हे कुणी पाळलं तर मी फुकट मांडव घालीन.

मावशी, वाऱ्याचं बरोबर. रस्त्यावर खड्डा खणायला बंदी असली की आम्ही खांब वाळूच्या डब्यांत उभे करतो. उथळी तेच काम करते. ३४ किलो चांदी म्हणजे सव्वातीन लिटर, वीतभराहून लहान ठोकळा. लहान जागेत एवढं वजन, आणि खणणं नाही. आमच्या जुन्या घरात खांबाखाली दगडी उथळ्या आहेत, शब्द तोच.

मी अर्ध्या मापाचा करतोय. बांबूच्या ४८ चौकटी, खाली वाळू भरलेले पाच लिटरचे कॅन. आढं घालणार, फर्ग्युसनसाहेबांच्या भरवशावर, कारण मेमध्ये वळवाचा नेम नाही.

फादरना एक गोष्ट दाखवली ती त्यांच्याही लक्षात नव्हती. गणनाच्या दहाव्यात निघायचा क्रम आहे. यहूदाची तुकडी पुढे, मग लगेच गेर्षोनी-मरारी मांडवाचं सामान घेऊन, मग रऊबेन, आणि त्यांच्यामागे कहाथी पवित्र सामान खांद्यावर घेऊन. का? तर ते पोचेपर्यंत मांडव उभा राहिलेला असावा म्हणून. आमच्याकडे नवरदेव दारात आणि कनाती अजून छोट्या हत्तीत, असं दर सीझनला एकदा होतंच.

तर मुलं तशीच चालणार आहेत. दोन गट आधी, अर्ध्या तासाने कोशवाले. वरच्या तहशासाठी माझ्याकडे निळी ताडपत्री आहे, चालेल ना?

दिमोनाची_मावशी

निळी नको हो भाऊ. मुक्काम हलताना कोशावर आधी आतला पडदा, मग तहश, आणि सगळ्यात वर निळं कापड. बाकी सामानाला तहश बाहेरून, निळं बाहेरून फक्त कोशाला. गर्दीत लांबूनही कळावं कोश कुठला ते. मांडवच निळा केलात तर मुलांना ते दिसायचं कसं?

पेणचा_मांडववाला

बरं. तपकिरी एक आहे, दोन भोकं पडलेली. ठिगळ लावतो. निळं कापड बायकोच्या जुन्या पैठणीतलं निघेल का, ते विचारायची हिंमत रविवारी करीन.